पिस्पाला : सीमेवरील गाव ते महानगराचा भाग
(फिनलंडमधील एका वस्तीचा भूगोल आणि इतिहास)

प्रस्तावना

शहर वाढते आणि शेजारचे गाव त्यात विलीन होते, ही आधुनिक काळात सर्वत्र आढळणारी प्रक्रिया आहे. भूगोल व इतिहासाच्या अभ्यासात तिचे वर्णन बहुधा शहराच्या बाजूने केले जाते. शहराची लोकसंख्या वाढली, उद्योग वाढले, जागा अपुरी पडली आणि हद्द पुढे सरकली, असा हा क्रम मांडला जातो. या मांडणीत गाव हे केवळ गिळले जाणारे क्षेत्र ठरते. मात्र काही गावे अशी असतात की, शहराची हद्द जवळ होती म्हणूनच ती वाढली, आणि हद्द त्यांच्यापलीकडे गेली तेव्हा त्यांच्या अस्तित्वाचे मूळ कारणच नाहीसे झाले. फिनलंडमधील ताम्पेरे या शहराचा आज एक भाग असलेले पिस्पाला हे अशा गावांचे ठळक उदाहरण होय.

ताम्पेरे हे अडीच लाखांहून अधिक लोकसंख्येचे, हेलसिंकी व एस्पो यांच्या खालोखाल फिनलंडमधील तिसऱ्या क्रमांकाचे शहर आहे. त्याच्या पश्चिमेस, दोन सरोवरांच्या मधोमध उभ्या असलेल्या अरुंद व उंच कटकावर पिस्पाला वसलेले आहे. उतारावर एकमेकांना खेटून उभी असलेली लाकडी घरे, त्यांच्यामधून जाणाऱ्या अरुंद वाटा आणि लांबच लांब पायऱ्या हे या वस्तीचे दृश्य रूप आहे. पर्यटकांच्या माहितीपत्रकांत तिचे वर्णन 'चित्रमय' या एका शब्दात आटोपले जाते. ही चित्रमयता कोणी योजून निर्माण केलेली नाही. योजनेचा अभाव हेच तिचे कारण आहे. प्रस्तुत लेखात या अभावामागील भौगोलिक व ऐतिहासिक कारणांचा, तसेच पुढे त्याला आलेल्या मोलाचा विचार करण्यात आला आहे.

भूरूप

पिस्पालाचा इतिहास समजण्यासाठी आधी त्याची जमीन समजणे आवश्यक आहे. शेवटच्या हिमयुगात संपूर्ण फिनलंड जाड हिमस्तराखाली दबलेले होते. सुमारे दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी हा हिमस्तर वितळून मागे हटू लागला, तेव्हा त्याच्या तळाशी बोगद्यांसारख्या मार्गांतून वितळलेल्या पाण्याचे वेगवान प्रवाह वाहत होते. या प्रवाहांनी वाहून आणलेली वाळू, खडी व गोटे बर्फाच्या मुखाशी साचत गेले आणि बर्फ नाहीसा झाल्यावर त्यांचे लांबट, अरुंद कटक जमिनीवर शिल्लक राहिले. भूरूपशास्त्रात या कटकांना एस्कर असे म्हणतात. प्युनिक्की आणि पिस्पाला ही एकाच सलग एस्करची दोन नावे आहेत. शहराच्या बाजूचा वनाच्छादित भाग प्युनिक्की, तर पश्चिमेकडील वस्तीचा भाग पिस्पाला. कटकाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे १६० मीटर उंचीवर असून दक्षिणेकडील सरोवराच्या पातळीपेक्षा तो सुमारे ८० मीटर उंच आहे. खडीच्या कटकाला ही उंची असाधारणच म्हणावी लागेल.

कटकाच्या उत्तरेस नॅसियॅर्वी आणि दक्षिणेस प्युहॅयॅर्वी ही सरोवरे आहेत. पहिल्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ९५ मीटर, तर दुसऱ्याची सुमारे ७७ मीटर आहे. म्हणजे काही शे मीटर रुंदीच्या खडीच्या भिंतीने दोन मोठे जलाशय एकमेकांपासून अलग ठेवले असून त्यांच्या पातळीत १८ मीटरचा फरक आहे. या १८ मीटरमध्ये ताम्पेरेचा सारा औद्योगिक इतिहास सामावलेला आहे.

हा फरक जलशक्तीच्या रूपाने कसा उपलब्ध झाला, हेही पाहण्यासारखे आहे. हिमस्तराचा भार नाहीसा झाल्यावर फिनलंडची भूमी वर उचलली जाऊ लागली व आजही ती उचलली जात आहे. बोथ्नियाच्या आखाताच्या किनाऱ्यालगत हा वेग वर्षाला सुमारे ८ ते ९ मिलिमीटर इतका आहे. उत्थापन वायव्येकडे अधिक आणि आग्नेयेकडे कमी असल्याने सरोवरांची पात्रे हळूहळू एका बाजूस कलली. नॅसियॅर्वीचे पाणी पूर्वी उत्तरेकडून आखातात जात असे. भूमी कलल्यामुळे ते दक्षिणेच्या टोकाशी साचत गेले आणि सुमारे साडेसात हजार वर्षांपूर्वी त्याने खडीच्या कटकाला फोडून प्युहॅयॅर्वीकडे वाट काढली. ताम्मेरकोस्की हा धबधबेवजा वेगवान प्रवाह तेव्हा जन्माला आला. जेथे कटक फुटला तेथे पुढे कारखाने उभे राहिले आणि जेथे तो अखंड राहिला तेथे त्या कारखान्यांतील कामगारांची घरे उभी राहिली.

एस्करची खडी पाणी धरून ठेवत नाही. पावसाचे पाणी झिरपून थेट पायथ्याकडे जाते. त्यामुळे माथा कोरडा, तर दक्षिण पायथ्याच्या ताहमेला भागात झऱ्याचे पाणी, अशी स्थिती आढळते. अशी जमीन शेतीस निरुपयोगी असते. तिचा तीव्र उतार रस्त्यांसही प्रतिकूल असतो. मात्र ती कोरडी असल्याने लाकडी घरास मानवते. शिवाय ६१ अंश ३० मिनिटे उत्तर अक्षांशावर, जेथे डिसेंबरच्या उत्तरार्धात सूर्य जेमतेम साडेपाच तास क्षितिजावर असतो, तेथे दक्षिणाभिमुख उताराचे मोल वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

गाव आणि कारखान्यांचे शहर

पिस्पाला हे मूळचे पिर्क्काला या प्राचीन परगण्यातील छोटे शेतकरी गाव. त्याच्या नावाचा संबंध बिशप या अर्थाच्या फिनिश शब्दाशी जोडला जातो. शेती सरोवराकाठच्या सपाट भागात होत असे. कटक हा गावाच्या दृष्टीने केवळ पडीक माळ होता.

ताम्पेरे नगराची स्थापना १७७९ मध्ये स्वीडनचा राजा तिसरा गुस्ताव याने केली. १८०९ मध्ये फिनलंड रशियाच्या आधिपत्याखाली स्वायत्त महाराज्य झाले. १८२० मध्ये जेम्स फिनलेसन या स्कॉटिश यंत्रज्ञाने ताम्मेरकोस्कीच्या काठी कारखाना सुरू केला. त्यातूनच पुढे फिनलेसन ही प्रचंड सूतगिरणी विकसित झाली. १८२१ मध्ये झार पहिला अलेक्झांडर याने नगराला कच्चा माल व यंत्रे यांच्या आयातीवर करमाफी दिली आणि ही सवलत विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत टिकली. कापूस, ताग नव्हे तर अंबाडीवर्गीय फ्लॅक्सपासून बनणारे लिनन, कागद आणि यंत्रे असे उद्योग एकामागून एक त्या एका प्रवाहाभोवती गोळा झाले. १८८२ मध्ये फिनलेसनच्या विणकाम विभागात विजेचे दिवे लागले. फिनलंडमधील विजेच्या वापराचा हा आरंभ होय. फिनलंडचे मँचेस्टर हे शहराचे टोपणनाव याच काळातले. आजही बोलीभाषेत त्याला 'मान्से' असे संबोधले जाते.

१८७० च्या सुमारास सुमारे सात हजार असलेली नगराची लोकसंख्या १९०० पर्यंत ३६ हजारांवर पोहोचली. आसपासच्या ग्रामीण भागातील भूमिहीन कुटुंबे, कूळवाड्यांची मुले आणि मोठ्या संख्येने तरुण स्त्रिया कारखान्यांत आल्या. त्यांच्यासाठी नगराने आपल्या हद्दीत अमुरी हा कामगारांचा विभाग आखला. तेथील घरांची रचना सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. एका सामाईक स्वयंपाकघराभोवती खोल्या, आणि प्रत्येक खोलीत एक कुटुंब. चार कुटुंबांनी एकच स्वयंपाकघर वापरावे ही तेथील सर्वसाधारण रीत होती. अनेक खोल्यांत कुटुंबाशिवाय एखादा पोटभाडेकरूही असे. ही वस्ती आखीव होती, रस्ते सरळ होते आणि नगराचे बांधकामनियम तेथे लागू होते. मात्र कामगाराला तेथे स्वतःचे असे दार मिळत नव्हते.

सीमेपलीकडे

नगराची हद्द प्युनिक्कीच्या पश्चिम टोकाशी संपत होती. तिच्यापलीकडे पिर्क्कालाचा ग्रामीण परगणा सुरू होई. तेथे नगररचना आराखडा नव्हता आणि नगराची बांधकामविषयक बंधने लागू नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात पिस्पालातील जमीनमालकांनी शेतीस निरुपयोगी असलेल्या कटकाचे लहान लहान तुकडे पाडून ते विकावयास सुरुवात केली. गिरणी तर चालत जाण्याच्या अंतरावर होती. बचतीच्या पैशातून एखादा सुतार, गवंडी अथवा गिरणी कामगार असा तुकडा घेऊन, सुटीच्या दिवशी व उन्हाळ्याच्या लांबलेल्या संध्याकाळी स्वतःच्या हाताने घर उभारू शकत होता.

या व्यवहारातील स्वातंत्र्याचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. शहराच्या दृष्टीने ही अनियंत्रित वाढ होती. घर बांधणाऱ्यासाठी मात्र जमिनीच्या मालकीपर्यंत पोहोचण्याचा तो एकमेव मार्ग होता. घर एकदम पूर्ण होत नसे. आधी एक खोली व चूल, पुढे मूल वाढले की दुसरी खोली, नंतर भाडेकरूसाठी वरचा मजला अशी त्याची वाढ होई. भाड्याचे पैसे कर्जफेडीस लागत. उतार इतका तीव्र की, एकाच घराचा मागील बाजूने तळमजला असलेला भाग पुढील बाजूने दुसरा मजला ठरे. घरांच्या मधून आधी पायवाटा पडल्या आणि मग त्याच वाटांचे रस्ते झाले. जेथे रस्ता चढू शकला नाही तेथे पायऱ्या आल्या. नगररचनेत आधी रस्ता आखला जातो व मग घर येते. पिस्पालात हा क्रम उलटा होता. आजच्या नकाशावरील वेड्यावाकड्या रेषांचा उलगडा या एका गोष्टीतून होतो.

या स्वातंत्र्याला किंमत होती आणि ती प्रामुख्याने स्त्रियांनी व मुलांनी मोजली. खडीचा माथा कोरडा असल्याने पाणी पायथ्यावरून वर न्यावे लागे. हिवाळ्यात, बर्फाळलेल्या उतारावर, हे काम किती कष्टाचे असेल याची कल्पना करता येते. नळ, गटारे, दिवाबत्ती यांपैकी कशाचीही जबाबदारी नगरावर नव्हती, आणि ग्रामीण परगण्याची तेवढी क्षमता नव्हती. नगराचे नियम जेथे पोहोचत नव्हते तेथे नगराच्या सोयीही पोहोचत नव्हत्या. पिस्पालाच्या स्वावलंबनाचे गोडवे गाणाऱ्या लेखनात ही दुसरी बाजू अनेकदा सुटते.

घरात पाणी नसलेल्या वस्तीत स्नानाची व्यवस्था ही सार्वजनिकच असणार. १९०६ मध्ये एका दाम्पत्याने नगर व गाव यांच्या सीमेलगत सुरू केलेले सार्वजनिक सौना आजही चालू असून, फिनलंडमधील सतत वापरात असलेले ते सर्वांत जुने सार्वजनिक सौना मानले जाते. सौना म्हणजे लाकडावर तापविलेल्या दगडांवर पाणी टाकून निर्माण केलेल्या वाफेत बसण्याचे फिनिश स्नानगृह होय. या सौनाचे नाव रायापोर्त्ती असे आहे. 'राया' म्हणजे सीमा आणि 'पोर्त्ती' म्हणजे फाटक. हद्दीवरील फाटकाची आठवण या नावाने जपली आहे. पुढे ही वास्तू नगराच्या मालकीची झाली. १९८९ पासून पिस्पालातील सौनाप्रेमींची संघटना ते चालवीत आहे. फिनलंडच्या सौना संस्कृतीचा २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. गरिबाच्या न्हाणीघराला प्राप्त झालेली ही प्रतिष्ठा पिस्पालाच्या एकूण वाटचालीशी सुसंगतच आहे.

१९१८

फिनलंडने ६ डिसेंबर १९१७ रोजी स्वातंत्र्य घोषित केले आणि दोन महिन्यांच्या आतच, जानेवारी १९१८ मध्ये, देशात यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील औद्योगिक भाग समाजवादी 'लाल' पक्षाच्या ताब्यात होता, तर उत्तरेकडील शेतीप्रधान भाग सिनेटच्या 'पांढऱ्या' सेनेच्या. ताम्पेरे हा लाल पक्षाचा उत्तरेकडील प्रमुख बालेकिल्ला होता. सेनापती मानेरहाइम याच्या नेतृत्वाखाली पांढऱ्या सेनेने मार्चच्या मध्यापासून शहरावर चढाई सुरू केली व महिनाअखेर ते वेढले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घराघरांतून लढाई झाली. उत्तर युरोपच्या इतिहासात तोवर शहरी भागात इतके मोठे युद्ध क्वचितच झाले होते.

शहर पडत असताना लाल पक्षाचे उरलेले सैनिक व असंख्य कुटुंबे पश्चिमेकडे सरकत पिस्पालात आली. येथे कटकाचे भूरूप पुन्हा निर्णायक ठरले. माथ्यावरून दोन्ही सरोवरांवर व शहराच्या वाटेवर नजर ठेवता येत होती, आणि उतारावरील दाट लाकडी वस्ती आडोसा देत होती. मात्र दोन्ही बाजूंस पाणी असलेला हा अरुंद पट्टा बचावास जितका सोयीचा, तितकाच निसटण्यास कठीण होता. सरोवर अद्याप गोठलेले होते. अखेरच्या रात्री काही शे लोक प्युहॅयॅर्वीच्या बर्फावरून निसटले. ६ एप्रिल १९१८ च्या सकाळी पिस्पालाने शरणागती पत्करली आणि ताम्पेरेची लढाई संपली. सुमारे अकरा हजार लोक बंदी झाले. पुढील महिन्यांत देशभरातील बंदी छावण्यांत उपासमार व रोगराई यांमुळे सुमारे बारा हजार लोक मृत्युमुखी पडले.

यानंतरच्या काळात पिस्पाला हे नाव केवळ एका जागेचे राहिले नाही. विजेत्यांच्या दृष्टीने ते संशयास्पद होते, तर पराभूतांच्या दृष्टीने ते आपले. सीमा आता केवळ नकाशावर नव्हती.

विलीनीकरण

१९२२ मध्ये पिर्क्काला परगण्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले आणि पिस्पाला उत्तर पिर्क्कालात गेले. तोवर ते नावापुरतेच गाव उरले होते. प्रत्यक्षात ती दाट लोकवस्तीची कामगार नगरी होती. १९३७ च्या प्रारंभी पिस्पाला ताम्पेरेत समाविष्ट करण्यात आले. त्याच वर्षी उत्तर पिर्क्कालाच्या उर्वरित भागाला बाजारपेठेच्या नगराचा दर्जा मिळाला व त्याचे नाव नोकिया झाले. भ्रमणध्वनीमुळे जगभर परिचित झालेले नाव ते हेच. फ्रेड्रिक इडेस्टाम या अभियंत्याने १८६५ मध्ये ताम्मेरकोस्कीच्या काठी लाकडाच्या लगद्याची गिरणी सुरू केली व काही वर्षांतच दुसरी गिरणी पश्चिमेस नोकिया येथे काढली. त्या कंपनीने पुढे गावाचे नाव धारण केले. एकाच परगण्याच्या दोन तुकड्यांपैकी एकाने आपले नाव जगाला दिले, तर दुसऱ्याने शहराच्या पोटात आपले नाव टिकवून ठेवले.

पिस्पालानंतर ताम्पेरेची हद्द वेगाने विस्तारत गेली. १९४७ मध्ये पूर्वेकडील मेस्सुक्युलॅ, १९५० मध्ये पिस्पालाच्या पलीकडील लिएलाहती, १९६६ मध्ये आयतोलाहती आणि १९७२ मध्ये तेइस्को शहरात आले. म्हणजे एकेकाळी शहराच्या कडेवर असलेले पिस्पाला अवघ्या दोन दशकांत शहराच्या मध्यभागाजवळचे उपनगर ठरले. सीमा पुढे निघून गेली आणि सीमेमुळे घडलेली वस्ती मागे राहिली.

साहित्यातील पिस्पाला

पिस्पालाच्या अनुभवाला शब्द देणारे लेखक त्याच उतारांवर वाढले, ही बाब लक्षणीय आहे. लाउरी वीता (१९१६-१९६५) यांचा जन्म पिस्पालातील सुतार कुटुंबात झाला आणि ते स्वतःही सुतारकाम करीत. १९४७ मध्ये त्यांचा पहिला काव्यसंग्रह, तर १९५० मध्ये 'मोरेनी' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. घरे बांधणारी माणसे, त्यांची मुले आणि १९१८ ची होरपळ हा या कादंबरीचा विषय आहे. शीर्षकाचा अर्थ हिमोढ असा होतो. भूरूपशास्त्राच्या काटेकोर परिभाषेत पिस्पालाचा कटक हिमोढ नसून एस्कर आहे. हिमोढात बर्फाने ढकललेला लहानमोठा माल मिसळलेला असतो, तर एस्करमध्ये तो पाण्याने निवडून थरांत रचलेला असतो. परंतु ठिकठिकाणांहून ढकलली जाऊन एकत्र आलेली, ओबडधोबड माणसे सुचविण्यासाठी लेखकाला हिमोढच अधिक उपयुक्त वाटला असावा, आणि तो योग्यच आहे.

पुढील पिढीतील हान्नु सालामा (जन्म १९३६) यांचे बालपण पिस्पालात गेले. त्यांच्या १९६४ मधील एका कादंबरीवरून ईश्वरनिंदेचा खटला चालला व १९६६ मध्ये त्यांना शिक्षा झाली. १९६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष केक्कोनेन यांनी ती माफ केली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील साम्यवाद्यांच्या भूमिगत प्रतिकारावरील त्यांच्या १९७२ मधील कादंबरीला १९७५ चा नॉर्डिक परिषदेचा साहित्य पुरस्कार मिळाला. या दोघांच्या लेखनामुळे पिस्पाला हे फिनिश वाचकाच्या मनात, त्या शहरात कधी पाऊल न टाकताही, परिचयाचे स्थळ झाले.

पाडाव की जतन

विलीनीकरणानंतर पिस्पालाला नगराच्या शिस्तीत बसवणे सोपे नव्हते. आधी युद्ध, नंतर पुनर्वसन यांत काळ गेला. १९६० व १९७० च्या दशकांत फिनलंडमध्ये ग्रामीण भागातून शहरांकडे प्रचंड स्थलांतर झाले. जुनी लाकडी घरे म्हणजे मागासलेपणाची खूण, असे या काळात अधिकृतपणे मानले जात होते. याच दोन दशकांत अमुरी जवळपास संपूर्ण पाडले गेले आणि तेथे उंच इमारती आल्या. तेथील थोडीशी घरे आज कामगारांच्या निवासाचे संग्रहालय म्हणून जपली आहेत. नियमानुसार, सरळ रेषेत आखलेली वस्ती नाहीशी झाली आणि नियमाबाहेरची वस्ती टिकली, हा विरोधाभास विचार करण्याजोगा आहे. आखीव चौकोनी विभाग मोकळा करून पुन्हा बांधणे यंत्रणेस सोपे असते. उलट, तीव्र उतारावरील, वेड्यावाकड्या आकाराचे आणि शेकडो लहान मालकांत विभागलेले भूखंड एकत्र करणे कोणत्याही बांधकाम कंपनीस आकर्षक वाटण्याजोगे नाही. ज्या गैरसोयी रहिवाशांनी सोसल्या, त्यांनीच वस्तीचे रक्षण केले असे म्हणावयास हरकत नाही.

तरीही पिस्पाला अबाधित राहिले नाही. अनेक जुनी घरे पडली व त्यांच्या जागी आकाराने विसंगत अशा नव्या इमारती उभ्या राहिल्या. १९७० च्या दशकात तयार झालेल्या नगररचना आराखड्यांनी वस्तीला प्रथमच कायदेशीर चौकट दिली. मात्र त्यांतील जतनाच्या तरतुदी पुढे अपुऱ्या ठरल्या आणि २००० नंतर आराखड्यांच्या नूतनीकरणाचे दीर्घ काम हाती घ्यावे लागले. दरम्यान स्वस्त भाडे आणि मोकळे वातावरण यांमुळे विद्यार्थी, कलावंत व चळवळीतील तरुण येथे येऊन राहिले होते. वस्तीच्या मोलाची जाणीव व्यापक होण्यात जुन्या कामगार कुटुंबांइतकाच या नव्या रहिवाशांचा वाटा आहे. आज पिस्पालाच्या कटकावरील वस्ती राष्ट्रीय महत्त्वाचे बांधीव सांस्कृतिक पर्यावरण म्हणून गणली जाते. उतारावर उभा असलेला छऱ्यांचा मनोरा हीदेखील आता परिसराची खूण आहे. वितळलेले शिसे उंचावरून चाळणीतून सोडले असता त्याचे थेंब पडता पडता पृष्ठताणामुळे गोल होतात, या तत्त्वावर बंदुकीचे छरे बनविण्यासाठी तो उभारण्यात आला होता.

जतनाच्या या यशातून नवे प्रश्न उद्भवले आहेत. पिस्पालातील घरे आज शहरातील महागड्या घरांत मोडतात. दोन सरोवरांचे दृश्य, शहराच्या मध्यापासूनचे थोडे अंतर आणि लाकडी घरांचे दुर्मीळपण या तिन्ही गोष्टींना बाजारात दर आहे. पाण्याच्या बादल्या घेऊन उतार चढणाऱ्या पिढीला ज्या जागेने स्वतःचे दार दिले, तेथे त्याच उत्पन्न गटातील आजचे कुटुंब क्वचितच घर घेऊ शकते. दुसरा प्रश्न जतनाच्या तत्त्वाचाच आहे. परवानगीशिवाय, गरजेनुसार वाढत जाणे हा या वस्तीचा मूळ स्वभाव. आता खोली वाढविणे, खिडकी बदलणे वा उंची वाढविणे यांस परवानगी लागते. नियम कडक केले तर वस्तीचे रूप टिकते पण तिची घडण थांबते. ते सैल केले तर वाढ होते, परंतु ती सुतारांच्या हातून नव्हे, तर भांडवलाच्या हातून. दोन्ही बाजूंचे रहिवासी पिस्पालाच्या खऱ्या स्वभावाचा दाखला देतात, आणि दोघांचाही दाखला खोटा नाही.

बदलाचा मोठा वेग मात्र सध्या माथ्यावर नसून उत्तर पायथ्याशी आहे. नॅसियॅर्वीच्या काठचा सांतालाहती हा भाग दीर्घकाळ लोहमार्ग, कारखाने व महामार्ग यांनी व्यापलेला होता. पोरी शहराकडे जाणारा लोहमार्ग १८९५ मध्ये याच चिंचोळ्या पट्टीतून नेण्यात आला, कारण कटक आणि पाणी यांच्यामध्ये दुसरी वाट नव्हती. विसाव्या शतकातील महामार्गही त्याच कारणाने तेथून गेला. नोव्हेंबर २०१६ मध्ये सुमारे २.३ किलोमीटर लांबीचा रस्त्याचा बोगदा खुला झाला आणि शहरमध्यातील किनाऱ्यावरची अवजड वाहतूक भूमिगत झाली. बोगद्याचे पश्चिम मुख सांतालाहती येथे आहे. जुन्या कारखान्यांच्या जागी तेथे बहुमजली निवासी इमारती उभ्या राहिल्या आहेत. २०२१ मध्ये सुरू झालेली ताम्पेरेची ट्राम पश्चिमेकडे टप्प्याटप्प्याने वाढत सांतालाहतीमार्गे २०२५ मध्ये लेंटॅवॅन्निएमीपर्यंत पोहोचली. हा मार्गही पायथ्यावरूनच जातो. गाडीतून उतरणाऱ्या पिस्पालाच्या रहिवाशाला घरी जाण्यासाठी पुढचा चढ अजूनही पायीच चढावा लागतो.